एक्केचाळिसावं मिनिट

“उचला, भाऊसाहेब. अजून जरासं. हां! आता वहिनी सरळ दिसायल्यात.”

वहिनी सरळ दिसत होत्या, कारण मॉनिटर उलटा होता. तो जुना, जाडजूड डबा दोन उशांवर डोकं टेकवून उभा होता आणि पडद्यावर पैठणच्या मंगल कार्यालयातली पंगत चालली होती. पाच मिनिटांपूर्वी हीच माणसं छताला लटकून जेवत होती. आता ती जमिनीवर आली होती, पण सगळीच्या सगळी पंगत डाव्या हातानं जेवत होती.

“डाव्या हातानं जेवायलेत की हो,” सांडू म्हणाला.

“आवाज आला का?” श्रीधरनं विचारलं.

“आवाज नाय आला.”

“म्हणजे महिन्यापूर्वी नुसता आवाज नव्हता. आता आवाज नाही आणि लग्नही उलटं.”

“कायतरी हाललं ना पण? हे बी कमी नाय.”

सांडू हा ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर. जीपमधली गाणी स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये भरायचा, त्यामुळे अख्ख्या ऑफिसात कॉम्प्युटरमधला जाणकार तोच. श्रीधर देवगावकर तिथला लिपिक. जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी किती खोल गेलं, याचे आकडे महिन्याच्या महिन्याला वहीत उतरवणं हे त्याचं काम. त्या दुष्काळी वर्षी आकडे नुसते वाढत होते. जायकवाडीनं तळ दाखवला होता, घरात नळ पाच दिवसांनी यायचा आणि खिडकीसमोरच्या नव्या इमारतीच्या फलकावर पोहण्याचा तलाव रंगवलेला होता. फलक रंगवणाऱ्यालाही पाणी टँकरचंच मिळालं होतं.

पद्मजाला जाऊन तीन वर्षं झाली होती. श्रीधरचं तसं बरं चाललं होतं. वरणाला फोडणी जमत होती. पण उन्हाळा लागता लागता एका सकाळी दाढी करताना त्याला वाटलं, ती ‘अहो’ कशी म्हणायची ते जरा आठवावं. त्यानं आठवलं, तर एसटी स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईचा आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच बाई. वैजापूरची गाडी फलाट क्रमांक चारवर लागली होती. अर्ध्या गालाचा साबण वाळून गेला.

घरात फोटो भरपूर होते, आवाज एकही नव्हता. मग पुण्याच्या हिमांशूनं, म्हणजे तिच्या भाच्यानं, आपल्या बहिणीच्या लग्नाचं जुनं शूटिंग पेनड्राइव्हमध्ये भरून पाठवलं. दोन तास चाळीस मिनिटं. त्यात एक्केचाळिसाव्या मिनिटाला पद्मजा जिलबीचं ताट घेऊन पाठमोरी उभी असते, अचानक वळते आणि कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघून चार-पाच शब्द बोलते. अर्धवट हसत. तिचे ओठ हलतात आणि कॉम्प्युटर गप्प.

श्रीधरनं ते एक्केचाळिसावं मिनिट किती वेळा बघितलं, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

ऑफिसात विषय काढला, तर गुडघेदुखीवर जसा प्रत्येकाचा एक खात्रीचा वैद्य निघतो, तसा प्रत्येकाचा एक खात्रीचा प्लेअर निघाला. श्रीधरनं सगळे कॉम्प्युटरमध्ये घातले. एकानं आवाज दिला नाही, पण शिकागोचं हवामान द्यायला सुरुवात केली. तिथं रोज पाऊस पडत होता.

शेवटी सांडूनं निदान केलं. “पिक्चर हाय, आवाज नाय, म्हणजे तुमच्याकडं कोडेक नाय.”

“ते काय असतं?”

“मोंढ्यात दलाल असतोय का नाय? शेतकऱ्याचं व्यापाऱ्याला कळत नाय, व्यापाऱ्याचं शेतकऱ्याला. मधी दलाल लागतो. तसं फाईलचं अन् कॉम्प्युटरचं हाय. चित्राचा दलाल येगळा, आवाजाचा येगळा.”

मग सांडूनं दलालांचं एक आख्खं गाठोडं आणून दिलं. श्रीधरनं ते एकट्यानं उघडलं. समोर सतरा चौकटी आल्या : हे हवं का, ते हवं का? पानात काही नको म्हणायचं नाही, या शिकवणीत वाढलेला माणूस तो. त्यानं सतराही चौकटींना हो म्हटलं. सतरा दलाल एका फाईलवर तुटून पडले आणि लग्न उलटं झालं.

तर रविवारच्या दुपारी दोन प्रौढ सरकारी कर्मचारी उलट्या मॉनिटरसमोर मान खाली घालून बसले होते.

“सतरा?” सांडू म्हणाला. “समदे कशाला घेतले हो?”

“वाढत होते, घेतले.”

“ऱ्हाऊ द्या. समदे हाकलू अन् शंकूवाला टाकू. रस्ता खोदल्यावर ठेवतेत ना, तसला नारंगी शंकू हाय त्याच्यावर.”

“आपल्याकडे रस्ता खोदल्यावर कुठं काय ठेवतात?”

“म्हणून तर कुणी वळखत नाय त्याला! लई गुणी हाय. त्याला दलाल लागत नाय, समदं स्वतःजवळच बाळगतो.”

सतरा जणांना हाकलायला चार वाजले. काही जाता जाता ‘खरंच जाऊ का?’ असं विचारत होते. मॉनिटर सरळ झाला, शंकू बसला. सांडूनं फाईल उघडली आणि घरात एकदम सनई वाजली. खिडकीवरचं कबुतर उडालं.

“आला!” सांडू ओरडला. “भाऊसाहेब, आवाज आला!”

श्रीधरनं हात पँटला पुसले आणि फाईल एक्केचाळिसाव्या मिनिटावर नेली. पद्मजा वळली. तिनं तोंड उघडलं. तिच्या तोंडून एक पुरुष सिनेमातलं प्रेमगीत म्हणू लागला.

त्यानं मागे नेलं, पुढे नेलं. सगळीकडे गाणी होती. नवरीचे वडील रडत होते तिथंही गाणं होतं, आणि तेही नाचाचं.

हिमांशूकडून नंबर घेऊन त्यानं पैठणला शूटिंगवाल्या अप्पारावांना फोन लावला.

“ओरिजनल आवाज?” अप्पाराव म्हणाले. “साहेब, त्यो तर कचरा असतोय. भांडी आदळायलेत, पोरं रडायलेत. मी समदं पुसून वरून गाणी टाकायचो. कणभर कचरा ठिवायचो नाय. माझं नाव होतं त्याच्यासाठी.”

“मूळ कॅसेट आहे का पण?”

“तिच्यावर मागनं सहा लग्नं काढली अन् एका सरपंचाचा सत्कार.”

श्रीधरनं ‘बरं’ म्हटलं, पण फोन ठेवला नाही. पलीकडे अप्पाराव खाकरले. “घरातलं कुणी होतं का त्याच्यात?”

“मंडळी.”

“अरारा...” अप्पाराव हळहळले. “दोन गाण्यांच्या मधी एखादा सेकंद सुटला असंल, तर बघा. माझ्या हातून सुटायचं नाय तसं. पण बघा.”

बघितलं. चाळीस मिनिटं बावन्न सेकंदांवर एक गाणं संपत होतं आणि पुढचं लागायच्या आत अप्पारावांच्या हातून तीन सेकंद खरोखर सुटले होते. त्यात ताटल्या आदळल्या. कुणाचं तरी पोर रडलं. आणि कॅमेऱ्याच्या शेजारून एक माणूस खेकसला, “पद्मा! पाणी!”

मग ती वळली आणि गाणं सुरू झालं.

“कोण वरडायलंय हे?” सांडूनं विचारलं.

“मी.”

सांडूनं पुन्हा लावण्यासाठी माउसवर ठेवलेला हात काढून घेतला.

ती काय म्हणाली होती, ते श्रीधरला अजूनही आठवलं नाही. आपण ओरडलो होतो, हेही आठवलं नाही. ‘गं’सुद्धा लावला नव्हता. हजार लग्नं पुसणाऱ्या माणसानं नेमकं तेवढं शिल्लक ठेवलं होतं.

“मी च्या टाकतो,” सांडू म्हणाला. “पाणी कोणत्या हंड्यातलं घिऊ?”

“झाकलेल्या.”

सांडू आत गेला. श्रीधरनं खुर्ची पुढं ओढली. फाईल थोडी मागे नेली आणि महिनाभर ज्याच्यामागे हिंडला, तो आवाज एका बोटानं बंद केला. पंगत मुकी झाली. पद्मजा जिलबीचं ताट घेऊन पाठमोरी उभी होती.

“पद्मा,” तो हळूच म्हणाला. “जरा पाणी देतेस का गं?”

ती वळली. अर्धवट हसली, काहीतरी बोलली. ताट शेजारच्या बाईच्या हातात देऊन तिनं पाण्याचा जग उचलला आणि पदर सावरत पडद्याच्या डाव्या कडेबाहेर निघून गेली. त्या दिवशी तो तिथंच बसला होता.

टेबलावर, डाव्या हाताला, सकाळचा रिकामा पेला उपडा होता. श्रीधरनं तो सुलटा करून ठेवला.