सुई टोचते का?

मी एक जुना हेडफोन आहे. तुम्ही कानांत शेंगदाण्याएवढं काहीतरी खुपसून फिरता, मित्रांनो, तसला मी नाही. मी चांगला भारदस्त आहे. डोक्यावरून आडवी पट्टी, दोन्ही कानांवर पालथ्या घातलेल्या दोन वाट्या आणि जुन्या टेलिफोनसारखी पिळाची वायर. आता माझ्या गाद्यांचं काळं कातडं सोलून निघतं आणि मला हातात घेणाऱ्याच्या बोटांना काजळी लागते. म्हणून सहसा कुणी घेत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझ्या पोटात केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं बसवलं, मला स्वतःच्या कानाला लावलं आणि मान डोलावली. ती मला मिळालेली पहिली शाबासकी. पुढे दुकानाच्या काचेमागून मला एका संगीतकाराने उचललं. घरात त्यांना बाबा म्हणत, कामावर मास्तर. मी बाबाच म्हणतो. वर्षानुवर्षं एखाद्याच्या कानाशी लागल्यावर परकेपणा कसला राहणार?

तेव्हा बाबा दुसऱ्यांच्या चालींना वाद्यं नेसवण्याचं काम करत. चाल दुसऱ्याची, नावही दुसऱ्याचं. पण ती चाल आधी बासरीने म्हणायची की व्हायोलिनने, कुठे सगळ्यांनी मिळून अंगावर यायचं आणि कुठे सगळ्यांनी गप्प बसून एकट्या ट्रँगलने टिण् करायचं, हे बाबा ठरवत. ट्रँगल म्हणजे बोटाएवढीही जाड नसेल अशी एक तिकोनी वाकवलेली लोखंडी सळई. तिच्यावर त्यांचा फार जीव. ‘सगळं घर आवरून झाल्यावर बाई कपाळाला टिकली लावते ना, ती ही,’ असं ते वादकांना सांगत.

मग टीव्हीवर मालिकांचं पीक आलं आणि बाबांना त्यांचं स्वतःचं काम मिळालं. शीर्षकाची चाल त्यांची, प्रसंगांमागचे तुकडे त्यांचे, वाद्यांची मांडणीही त्यांचीच. घरातल्या मागच्या खोलीत एक छोटा टीव्ही, एक कीबोर्ड, वह्यांचा ढीग आणि मी. पडद्यावर आवाज बंद केलेली माणसं रडत, भांडत, दारं आपटत आणि बाबा त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत सूर जुळवत. दिग्दर्शक शेजारी बसून बोट दाखवत.

“मास्तर, इथे एक धक्का द्या. जोरात.”

“अहो, बाई नुसता चहा घेऊन आल्यात. त्यात धक्का कसला?”

“पण त्या कधी आणतात का चहा?”

बाबा हसत आणि झांजा, ढोल, व्हायोलिन असा तिहेरी धक्का देत. मालिका संपताना खालून वर नावं सरकत. बाबांचं नाव येण्याच्या सुमारास त्यांची बायको, म्हणजे आई, ओले हात पुसत दारात येऊन उभी राहायची. मालिकेत काय झालं हे तिला कधीच ठाऊक नसायचं.

बाबांना एक मुलगी होती. मी तिच्या डोक्याला फार मोठा होत असे, म्हणून ती मला दोन्ही हातांनी धरून बसायची. लहान मुलांचे कान तिखट असतात, म्हणून प्रत्येक तुकडा बाहेर जाण्याआधी बाबा तिला ऐकवत. तिला ते ‘कानसेन’ म्हणत.

“कानसेन, या. निकाल द्या.”

तिला वाद्यांची नावं येत नव्हती, तेव्हा तिने स्वतःचे शब्द काढले. खालचे सूर एकमेकांत मिसळून गढूळ झाले की ‘घोंगडी’. मागे खरखर असली की ‘वाळू’. आणि वरचे सूर नको इतके चढले की ‘सुई’. बाबांनी ते शब्द जसेच्या तसे उचलले. दरवेळी शेवटचा प्रश्न तोच असायचा, “सुई टोचते का?” ती डोळे मिटून नाही म्हणून मान हलवायची, मग काम पुढे जायचं. कधीकधी ती म्हणायची, “थोडीशी.” मग बाबा कीबोर्डाशेजारची एक कळ जराशी मागे फिरवत. मोठमोठ्या जाणकारांनी सांगितलेलं ते ऐकायचेच असं नाही, पण कानसेनचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, दुसऱ्या घरी राहायला गेली. माझ्या गाद्या फाटल्या तेव्हा आईने जुन्या कोटाच्या अस्तराची ठिगळं त्यांना लावली. त्याच सुमारास मला एक गोष्ट कळली. ती कळणारा मी पहिला होतो, कारण दुसरं कुणी त्या कानांच्या इतकं जवळ नव्हतं. बाबा वरच्या सुरांची कळ पुढे फिरवू लागले होते. आधी केसभर, मग बोटभर. मी तो आवाज पोटातून नेमका काढत होतो. ट्रँगल माझ्या वाटीत टणटणत होता आणि बाबा तरीही कपाळाला आठ्या घालून तो शोधत होते.

“गेला हा,” ते आईला म्हणाले. “याचे वरचे सूर गेले. म्हातारा झाला.”

म्हातारा मी. मला वाईट वाटलं, पण हेडफोनला स्वतःचं काही बोलता येत नाही. त्याला फक्त दुसऱ्याचं पोचवता येतं.

एका नव्या मालिकेच्या शीर्षकाचं काम पुरं होत आलं होतं. मुलगी घरी आली होती. बाबांनी हौसेने तिला बसवलं आणि मला तिच्या डोक्यावर चढवलं. तिने लगेच मला काढलं.

“बाबा, सुई.”

“कुठे?”

“सगळीकडे. पहिल्यापासून.”

“हेडफोन बिघडलाय गं. त्याच्यामुळे वाटतंय तुला.”

“तो बिघडला असता तर मला वरचं कमी ऐकू आलं असतं ना?”

बाबांनी मला तिच्या हातून घेतलं आणि पुन्हा कानांवर चढवलं. ती कळ मागे फिरवायला त्यांनी हात नेला. जरा फिरवली, तोच व्हायोलिन विझली. त्यांनी ती घाईने होती तिथे आणली.

“तुझी सवय मोडलीय आता ऐकायची,” ते म्हणाले.

त्या दिवशी जेवताना मुलीने आधी हळू आणि मग मोठ्याने भाजी मागितली, आणि दुसऱ्या वेळीच बाबांचं लक्ष गेलेलं पाहून ताटात बघत राहिली.

ते संगीत तसंच स्टुडिओत गेलं. मी नेहमीसारखा बाबांच्या गळ्यात होतो. मोठ्या स्पीकरवर ते सुरू झालं आणि मागे बसलेल्या एका बाईंनी कानावर हात ठेवला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने खुर्ची मागे सरकवली. दिग्दर्शक तेच होते, चहावाले. ते हळू बोलले, “मास्तर, वरचं जरा कमी करूया का?”

बाबांनी विचारलं, “किती?”

मित्रांनो, ज्या माणसाने उभं आयुष्य ‘किती’ हे दुसऱ्यांना सांगितलं, त्याने ते विचारलं. खोलीतल्या सगळ्यांना त्या एका शब्दात सगळं कळलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, बाबांना भांडता तरी आलं असतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने मुकाट्याने कळ खाली घेतली, आणखी खाली घेतली. बाबांनी मला तिथल्या यंत्राला जोडून कानांवर घट्ट दाबून धरलं होतं. माझ्यातून आधी ट्रँगल जात होता, तो त्यांच्यासाठी नाहीसा झाला. मग व्हायोलिन गेली. उरला खालचा ढोल आणि कुणीतरी भिंतीपलीकडे बोलत असल्यासारखी बासरी.

“हां,” बाबा म्हणाले. “आता छान.”

त्यांना ते निम्मंही ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर काम आलं नाही. डॉक्टरांनी कानांत घालायला छोटं यंत्र दिलं. त्याने दाराची घंटा ऐकू येई, पण संगीत लावलं की भांडी पडल्यासारखं वाजे. बाबांनी ते डबीत ठेवून दिलं. आईचा आवाज बारीक, माणसांच्या आवाजांत तो सगळ्यात आधी गेला. ती “अहो” म्हणायची आणि मग उठून त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची. पाहुणे गप्पा मारत, बाबा मध्येच “काय म्हणालात?” विचारत. एकदा सांगून झालेला विनोद दुसऱ्यांदा सांगायला कुणालाच नको असतो.

एका दुपारी मुलगी आली तेव्हा बाबा मागच्या खोलीत मला लावून बसले होते. डोळे मिटलेले, एक बोट गुडघ्यावर ठेका धरून. माझ्या वायरीचं टोक जमिनीवर पडलेलं होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. मुलगी ते उचलायला वाकली तसा बाबांनी हात वर केला.

“थांब. व्हायोलिन यायची आहेत.”

ती तिथेच खाली बसली. बाबांचं बोट ठेका धरत राहिलं, मग मंदावलं, मग थांबलं. त्यांनी मला काढून मांडीवर ठेवलं.

“आली नाहीत,” ते म्हणाले.

बाहेरचं संगीत जाऊन बरेच दिवस झाले होते, मित्रांनो. त्या दिवशी मला कळलं की आतलंही गेलं. पुढे बाबा फार दिवस राहिले नाहीत.

मी माझ्यासाठी काही मागत नाही. माझ्या गाद्या बदलता येतील, पण ज्या कानांसाठी मी होतो ते कान नाहीत, आणि मला ते मान्य आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी “काय म्हणालास?” असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर जवळ जा, तोंड त्यांच्याकडे करा आणि जे म्हणालात तेच पुन्हा म्हणा. ते अगदी फुटकळ असलं तरी. दूध आलंय, नळ गळतोय, शेजारच्यांचं कुत्रं आपल्या पायरीवर झोपलंय. कंटाळून “काही नाही” म्हणू नका. बाकी सगळं निसटलं, तरी ते दोन शब्द त्यांना बरोबर ऐकू येतात.