सूर्याच्या पोटातला आवाज

"हायड्रोजनच्या या दोघांना एकमेकांजवळ यायचंच नसतं, बघ. रुसल्यासारखी ढकलाढकली चालते. पण सूर्याच्या पोटात दाबच असा, धगच अशी, की शेवटी जुळतात. जुळताना चिमूटभर वजन हरवतं, आणि तेवढ्याचाच हा सगळा उजेड."

किती वर्षं झाली. खांद्यावर टॉवेल टाकून नवरा ओट्यापाशी तारांगणाच्या निवेदनाची तालीम करत होता. हायड्रोजनची चार केंद्रकं मिळून एक हेलियम होतं, असं त्याने वाचलं. ती हसून म्हणाली, चार कशाला, दोघंच असू देत, ऐकायला गोड लागतं. त्या वेड्याने खरोखरच तसं फितीवर बोलून ठेवलं.

तो गेला, आवाज राहिला. कपाटातले कपडे गेले, चपला गेल्या, आवाज राहिला. तारांगणाचं यंत्र तीच चालवायची. रोज दुपारी बटण दाबलं की घुमटाखाली तो बोलू लागे. मुलं आ वासून तारे बघत, ती डोळे मिटून घेई.

घरी मात्र तिने याचं अवाक्षर काढलं नव्हतं. सासूबाई पूर्वी शेजारणीला सांगायच्या, आमच्या सुनेला काळोखात बसायचा पगार मिळतो. मुलगा गेल्यापासून तो टोमणाही संपला. एका घरात दोघी, दोन बंद दारं, बोलणं दुधापुरतं.

मागच्या आठवड्यात विज्ञानाच्या एका बाईंनी निवेदनातली ती चूक पकडली. तारांगणाचे साहेब म्हणाले, त्याच फितीवर नवं निवेदन भरून टाकू. चूक खरी होती, आणि तिचीच होती.

आज शेवटचा खेळ. चपला घालून तिने कडीला हात लावला. टेबलापाशी सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी किल्लीचं विचारलं. घेतली, ती म्हणाली. पण तिच्याने कडी काही काढवेना. अशीच गेली असती तर आजही तो सगळाच्या सगळा तिच्या एकटीचा झाला असता.

ती मागे फिरली.

"अगं, चपला घालून घरात?"

"आई, तारांगणात अजून त्याचाच आवाज लागतो. रोज. आज शेवटचा, उद्या पुसणार. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही." तिने मटारचं ताट बाजूला सरकवलं. "मला तो तुमच्याशीसुद्धा वाटून घ्यायचा नव्हता."