रजतच्या नोकरीची लग्नपत्रिका

नानाजी बसमधून उतरले ते थेट पिपरी मेघेतल्या घरी आले, अन् घरात शिरले ते चपलीसगट. तिथंच रजतच्या मायनं, नलूनं ओळखलं का आज काही खरं नाई. रोहण्याचा हा तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ, पायावर पाणी घेतल्याबिगर कधी उंबरा ओलांडला नोहता त्यानं.

"कुठं हाय तो तुहा इंजिनेर?"

रजत आतल्या खोलीत लॅपटॉपपुढं बसून होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफपँट, कारण व्हिडिओत खालचं दिसत नाई. चार वाजता नागपूरच्या एका कंपनीची मॅडम बोलणार होती. साडेतीन होऊन गेलते. सहा महिने झाले पोट्टा अर्ज करून राह्यला होता, अन् उलटून फोन करणारी ही पहिलीच कंपनी. तोही त्याची साइट पाहून.

ते साइट काय चीज होती तेही सांगाले पाहिजे. नव्या डेव्हलपरले, म्हंजे साइटी बनवणाऱ्याले, नोकरी पाहिजे असली का त्याले आपल्या नावाची एक साइट बनवा लागते. मी कोण, मले काय येते, माहं काम पाहा. साऱ्याईच्या साइटी सारख्याच, काळी पाटी अन् कोपऱ्यात फोटो. रजतनं म्हटलं आपण वेगळं करू, अन् त्यानं साइटची लग्नपत्रिकाच बनवून टाकली. वर गणपती, बाजूले केळीचे खांब. "चि. रजत यांचा शुभविवाह चि.सौ.कां. नोकरी, राहणार जिथं असेल तिथं, हिच्याशी करण्याचे योजिले आहे. मुहूर्त : तुम्ही म्हणाल तेव्हा. वराची अपेक्षा : खुर्ची चारही पायांची असावी." निमंत्रक म्हणून आष्टीचा मामा, लक्ष्मणराव. त्याच्या खाली, येतात तेवढ्या साऱ्या कामाईची यादी. अन् पार तळाले किलबिल. 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून पत्रिकेत लेकराईचे नावं राह्यते ना, ते. तिथं पिंकी, सोनू, चिऊ, अन् चिऊच्या बाजूले नानाजी.

पासष्ट वर्साचा माणूस. घरातला सगळ्यात मोठा.

अन् पोट्ट्याची अक्कल अशी का त्यानं ते लिंक घरच्या ग्रुपवरही टाकली.

"मोठेबाबा, मस्करी होती ते," रजत उठून उभा राह्यला.

"मस्करी?" नानाजी त्याच्याच खुर्चीत बसले. "बस स्टँडवर मले लोकं चॉकलेट देऊन राह्यले बे. म्हणे, नानाजी, किलबिल कशी काय!"

नलूले हसू आलं. तिनं पदर तोंडाले लावला, पण नानाजीनं पाहून घेतलं.

"हास. हासच. तुह्या आकांक्षाच्या लग्नातही हासली असशीन. माहा भाऊ गेला तवा खांदा कोणं देल्ला? मी. अन् त्याच्याच पोरीच्या पत्रिकेत माहं नाव चौथं! त्या आष्टीवाल्याचं पह्यलं. त्या दिवशी मी मंडपात पाणी नाई पेलो, ध्यान ठेवजो."

"पत्रिका मामानं छापून आणली होती," रजत बोलला.

"अन् हे? हेही मामानंच छापलं का?"

रजतनं घड्याळ पाह्यलं. चाराले दहा कमी होते.

"मोठेबाबा, तुमी बाहेर बसा ना. माहा फोन येते आता."

"नाई उठत. पह्यले माहं नाव काढ तिथून."

"काढतो. खुर्ची तं द्या."

"खुर्चीचं काय काम? उभ्यानं काढ."

पोट्टा उभ्यानंच वाकला, तं नानाजीनं लॅपटॉप पोटाशी ओढून घेतला. "वाकडा हात लावू नोको. काय करतो ते सांगून कर." दोघाईची अशी ओढाताण चालू होती का तेवढ्यात लॅपटॉपची घंटी वाजली. मॅडमनं पाच मिनिटं आधीच फोन लावला होता. रजतनं बटण दाबलं, अन् मॅडमले समोर दिसले नानाजी.

"नमस्कार, मी दिपाली. आपण... रजत?"

"मी त्याचा मोठाबाबा. रोहण्याहून आलो. याची ते पत्रिका पाह्यली का तुमी?"

"पाहिली. म्हणूनच तर फोन केला. छान आहे."

"छान? मॅडम, खाली लेकराईत नानाजी नाव हाय. तो मी."

रजतले वाटलं, गेलं. सहा महिने गेले पाण्यात. त्यानं मधेच डोकं घातलं. "मॅडम, ते चुकून झालं. मी लगेच..."

"चुकून? की मुद्दाम?" मॅडमचं हसू थांबलं होतं. "साइटवर एखादी गोष्ट कशी आली हे मला कळलं पाहिजे. खरं सांगा."

मागून नलू मान हलवून राह्यली होती, चुकूनच म्हण बापा. रजतनं तिच्याकडं पाह्यलं. मंग म्हटलं,

"मुद्दाम. हे मोठेबाबा रोहण्यात साऱ्याईले सांगत होते का हा पोट्टा मोबाईल चाटते, याले कोणी दारातही उभं करणार नाई. मले राग आलता."

नानाजीचे कान लाल झाले. पण 'मी असं बोललोच नाई' असं काही म्हणले नाई ते.

"बरं," मॅडम बोलली. "आता हे तुमचे कस्टमर आहेत असं समजा. मी थांबते. करा दुरुस्त."

रजतनं जमिनीवर गुडघे टेकले अन् तसंच टाईप करत नानाजीचं नाव किलबिलातून काढून निमंत्रकात घेतलं. पण वर कोणाचं ठेवाचं, तिथं पोट्ट्यानं डोकं लावलं. मामा खाली गेला तं मामा भडकणार, म्हणून त्यानं असं केलं का साइट उघडली का दरवेळी वेगळं नाव वर येईन. कधी मामा, कधी मोठेबाबा. कोणाचंच भांडण नाई.

नानाजीनं दोनदा उघडून पाह्यलं. दुसऱ्यांदा मामा वर आला.

"चिठ्ठी टाकून मोठा होते का बे कोणी? मी जन्मानंच मोठा हाव."

"पण मोठेबाबा, असं कराले लय अवघड असते..."

"असन. मले नाई पाहिजे."

 मॅडम पाहत होती. रजतनं दातओठ खाल्ले. मंग ते सारं पुसलं, अन् निमंत्रकाच्या जागी सरळ लिहिलं, घरातील ज्येष्ठ, श्री. नानाजी. मामा दुसरा. नानाजीनं चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं.

"श्री जरा मोठं कर."

केलं.

"रजत," मॅडम बोलली, "तुमची पहिली युक्ती हुशारीची होती. पण त्यांनी ती मागितली नव्हती. आमच्याकडं कस्टमरचं रोज असंच असतं, अन् तुम्ही मघा चिडला होता ते मला दिसलं, तरी त्यांना हवं तेच करून दिलंत. सोमवारपासून या, तीन महिने पाहू. जमलं नाही तर स्पष्ट सांगेन." अन् पडदा काळा झाला.

नलू रडाले लागली. रजत पाया पडाले वाकला तं नानाजीनं पाय मागं ओढले.

"राहू दे. माहा राग गेला नाई अजून. तुह्या मामाले सांगजो, नाव कोणं वर केलं ते."

"चहा तं घ्या, मोठेबाबा," नलू बोलली.

"नाई."

दारापोत जाऊन ते थांबले. मागं न पाहताच विचारलं, "सोमवारी कितीची गाडी धरतो?"

"सातची."

"सहाची धर. पह्यल्याच दिवशी उशीर केला तं म्हणतीन, घरी कोणी मोठं माणूस नाई."