पाच हजार कोटींचं तिकीट

एंजेला गेली आणि केडगावच्या घरात मी आणि माझी टपाल तिकिटं उरलो. तिकिटं जर्मनीची, १९२३ सालची. त्या साली तिथं पैशाचं पार पाणी झालं होतं, म्हणून हजार, लाख, कोटी मार्कांची तिकिटं निघाली. रुबाब कोटींचा, पण कोऱ्या तिकिटाला आज चहाचेही पैसे येत नाहीत. भाव असतो तो खरोखर टपालात जाऊन शिक्का बसलेल्याला.

बायको नीट पोचली का, एवढंच मला कळायला हवं होतं. म्हणून वेड्यासारखं तिला पत्र लिहिलं, पाच हजार मार्कांचं कोरं तिकीट लावलं आणि पाकीट तिच्या कबरीवर दगडाखाली ठेवलं. सकाळी पाकीट तिथंच, बंदच. फोडलं तर आत पत्र नव्हतं. तिकिटावर काळा शिक्का बसला होता.

पुढच्या रविवारचं पत्र बैरंग परत आलं. पाकिटावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘तिकीट कमी’. दोन लाखांचं लावलं तेव्हा गेलं. मग लाख पुरेनात, मग कोटीही. पोस्टानं दर वाढवला असता तर मी भांडलो असतो. इथं भांडू कुणाशी? लांबचं टपाल महाग पडतं. एंजेला दर रविवारी आणखी लांब जात होती, आणि मला भीती वाटू लागली.

सुप्याचा कानिफनाथ माझा तिकिटांतला जुना दोस्त. त्यानं भिंग लावलं. “कृपादान, शिक्का अस्सल हाय. इकून टाक, लई भाव येईल.” मग भिंग खाली ठेवलं. “पन गावाचं नाव कुठं हाय? आन शाई अजून वली कशी?” चहा तसाच टाकून तो गेला, तो पुन्हा आलाच नाही.

शेवटी पाच हजार कोटींचं एकच उरलं. त्याहून मोठं जर्मनांनी काढलंच नाही. ते लावून मी रागानंच लिहिलं, “अगं, तोंडाला कुलूप लावलंस का? पोचलीस की नाही, एका शब्दानं सांग!”

सकाळी दगडाखाली माझ्या नावाचं पाकीट होतं. अक्षर एंजेलाचं. तिकीट नव्हतं. बैरंग पत्राचे दुप्पट पैसे घेणाऱ्यानं भरायचे असतात, आणि माझ्याकडे आता काहीच नव्हतं.

“काय घ्यायचं ते माझ्याकडून घ्या,” मी मोठ्यानं म्हणालो आणि पाकीट फोडलं. मनगटाला गार लागलं. तिथं ओला काळा शिक्का उमटला होता.

आत दोन ओळी होत्या. “तुमची समदी पत्रं मिळाली, पन चष्मा घरीच राहिला, वाचता येईनात. आता येताना घेऊन या.”