फिक्या वाईनचं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं पिंप आहे. तुरिनजवळच्या मोन्फेर्रातोच्या टेकड्यांत, एव्हाझिओ नावाच्या द्राक्षबागायतदाराच्या तळघरात, भिंतीला पाठ लावून साठ वर्षं उभा आहे. माझ्या पोटात तीन हजार लिटर वाईन मावते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्या चिमुरड्यांच्या पोटात सव्वादोनशे लिटरच्या वर थेंब मावत नाही!

एव्हाझिओच्या वडिलांनी मला घडवून घेतलं. ओकच्या फळ्या आगीवर वाकवल्या, लोखंडी कड्या ठोकल्या, आणि माझ्या वाट्याला ग्रिन्योलिनो आली. हे इथलंच द्राक्ष. बिया फार, रंग फिका. बाजारात लोक ग्लास उजेडात धरून विचारायचे, "काय रे, वाईन ओतलीस की ग्लास विसळलास?" एव्हाझिओ कानकोंडा व्हायचा. मग घरी येऊन बार्बेरा या दुसऱ्या द्राक्षाची काळीभोर वाईन बादलीभर माझ्यात ओतायचा. त्याच्या वडिलांचीही हीच सवय होती.

माझे सुखाचे दिवस म्हणजे त्याच्या लेकीचं, ओर्नेलाचं लहानपण. माझ्या पोटाशी एक छोटं दार आहे. त्यातून ती सरपटत आत शिरायची, ब्रशने मला घासायची आणि मोठ्यांदा गायची. मला वाटायचं, ही पोर माझीच.

ती शिकायला गेली आणि परतली ती बारा छोटी, नवी फ्रेंच पिंपं घेऊन.

"आपल्या द्राक्षाला कुणी नावानं ओळखत नाही, बाबा. मी ओळखायला लावणार."

"आणि ह्या पाहुण्यांना उशा-पांघरुणं देऊ का?" एव्हाझिओ म्हणाला. मला त्याचा मुका घ्यावासा वाटला!

शेवटी अर्धी वाईन त्यांच्यात गेली, अर्धी माझ्यात. तुरिनचा हॉटेलवाला गावदेन्झिओ चाखायला येणार होता. त्याला पटली, तर त्याच्या हॉटेलातल्या वाईनच्या यादीत ग्रिन्योलिनो स्वतःच्या नावानं लागणार. "आणि नाही पटली, तर वेली उपटून बार्बेरा लावायची. मग रडायचं नाही," एव्हाझिओनं बजावलं.

वर्षभर ओर्नेला त्या बाराजणांत रमली. त्यांना हुंगायची, थोपटायची. माझ्यासमोरून नुसती निघून जायची. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा. फुटा मेल्यांनो, आंबून जा, असं मी रोज म्हणायचो.

पिंपातली वाईन हळूहळू उडते, म्हणून वरून भर घालावी लागते. भर ग्रिन्योलिनोचीच घालायची, असं ओर्नेलानं दहादा सांगितलं होतं. पण एक दिवस ती गावात गेली आणि एव्हाझिओ सवयीनं बार्बेराची बादली घेऊन आला. माझ्यातली वाईन गडद झाली. मला कळत होतं, हे चुकतंय. तरी मी खूश झालो. म्हटलं, आता बघू कोण देखणं दिसतं ते!

गावदेन्झिओ आला. आधी नव्यांतली चाखली.

"लाकडाची चव झकास आहे, पोरी. द्राक्ष कुठंय?"

माझ्या कड्या आनंदानं तटतटल्या. मग त्यानं माझ्यातली घेतली, हुंगली आणि हसला. "एव्हाझिओ, तुझ्या बापाची बादली अजून शाबूत आहे वाटतं!"

ओर्नेला पायरीवर बसून रडू लागली. "बाबा, आता वेली उपटायच्या की ती बादली फोडायची? सांगा ना!"

"लोक हसायचे गं," एव्हाझिओ खाली मान घालून म्हणाला. "मला सहन व्हायचं नाही."

"हसू देत. हसतील आणि पितील."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. त्या वेली गेल्या असत्या तर माझ्यात भरलं काय असतं? मत्सरापायी एवढंही सुचलं नव्हतं. गावदेन्झिओ "पुढच्या वर्षी येतो" म्हणून गेला आणि बादली कोंबड्यांच्या दाण्याला लागली.

पुढच्या तोडणीआधी ओर्नेला माझ्या दारातून आत शिरायला गेली आणि कमरेशी अडकली. "तू आकसलास की मी सुटले रे?" म्हणून हसत सुटली. मग कशीबशी आत आली आणि दिवसभर मला घासत बसली. ग्रिन्योलिनो सगळी माझ्यात भरली, छोट्या पिंपांना बार्बेरा दिली. ती त्यांना मानवते, हे कबूल करताना अजूनही मला त्रास होतो.

वर्षानं गावदेन्झिओनं ती फिकी वाईन चाखली आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

"कुठल्या पिंपातली?"

"आजोबांच्या."

"कमाल आहे! पिंपाची काही म्हणजे काही चव नाही. नुसतं द्राक्ष!"

बापलेक गळ्यात पडून रडली. आणि मी? साठ वर्षांत माझी सगळ्यांत मोठी स्तुती झाली ती ही, की मी जाणवलोच नाही! आता बाटलीवर ग्रिन्योलिनोचं नाव असतं, खाली त्या दोघांचं. माझं कुठेच नाही. हल्ली मला त्या द्राक्षाचाच हेवा वाटतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही असं कुणी असेल, ज्याचं नाव कशावरच नसतं. त्याला कोरडं पडू देऊ नका. आणि "तुझ्यामुळे झालं हं," एवढं एकदा तोंडावर सांगा. आम्ही मागत नाही, पण वाट बघत असतो.