‘किरकोळ’ म्हणजे काय

श्यामसुंदररावांना आपल्या मराठीचा भलताच अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. नारायण पेठेतल्या एका दैनिकात त्यांनी तीस वर्षं उपसंपादकी केली. पुढे दैनिक बंद पडलं, छापखान्याची जागा विकली गेली, पण लाल पेन्सिलीचा तोरा काही उतरला नाही. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ मालकाला गल्ल्यावरून उठवून दाखवणारा हा माणूस. त्यामुळे २००२ साली कोथरूडच्या एका कंपनीने त्या दैनिकाचे जुने अंक संगणकात भरायला घेतले आणि जुन्या शब्दांचे अर्थ सांगायला त्यांनाच बोलावलं, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःच्या सत्काराला निघाल्यासारखे निघाले.

तिथे त्यांच्या शेजारी पूर्वा बसे. कॉम्प्युटर शिकलेली, चटपटीत मुलगी. पडद्यावर बातमी यायची, ती शब्द विचारायची, हे अर्थ सांगायचे, ती रकान्यात भरायची. ती रोज खडकीहून येई. पहिल्याच दिवशी तिचं आडनाव ऐकून श्यामसुंदररावांनी जो अंदाज बांधायचा तो बांधला होता आणि आपण असल्या गोष्टी मानत नाही, असं स्वतःला बजावलंही होतं.

तिसऱ्या आठवड्यात ‘किरकोळ’ आला. हा शब्द चारशेच्या वर ठिकाणी सापडला होता.

“सर, हे बघा. ‘किरकोळ आजाराने निधन.’ माणूस गेला ना? मग आजार किरकोळ कसा?”

“अहो पूर्वाबाई, घरच्यांना क्षय छापायचा नसे. मुलींची लग्नं व्हायची असत.”

“आणि ‘किरकोळ अंगकाठीचा इसम’?”

“बारीक. आणि अजून पोलिसांना न सापडलेला.”

पूर्वा खळखळून हसली. म्हातारा खुलला. ‘किरकोळ दगडफेक’ म्हणजे फौजदाराचा फोन येऊन गेलेला असायचा, ‘किरकोळ मतभेद’ म्हणजे सभेत खुर्च्या उडालेल्या असायच्या, असं रंगवून सांगू लागला. शेजारच्या टेबलावरची पोरंही कान देऊन ऐकत होती.

मग १९७४ सालची एक बातमी आली. चारच ओळी. ‘खडकी, ता. १२ : येथील एका वस्तीत सार्वजनिक नळावर पाणी भरण्यावरून दोन गटांत किरकोळ वाद झाला. एक महिला किरकोळ जखमी झाली. परिस्थिती शांत आहे.’

“पुढचं घ्या,” श्यामसुंदरराव म्हणाले.

“अर्थ भरल्याशिवाय पुढचं ओपनच होत नाही, सर. इथे किरकोळ म्हणजे काय?”

हाच प्रश्न त्यांना अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकाने विचारला होता. भीमराव नावाचे शाळामास्तर. खडकीहून सायकलवर आले होते, दोन कागदांवर सुवाच्य अक्षरात हकिगत लिहून घेऊन. दोन गट वगैरे काही नव्हते. बौद्ध वस्तीतली एक बाई नळावर गेली म्हणून वीस जणांनी तिला काठ्यांनी मारलं होतं. ती इस्पितळात होती, डोळा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. श्यामसुंदररावांनी ऐकून घेतलं आणि मास्तरांची पाठ वळताच त्या हकिगतीच्या चार ओळी केल्या. कोणी दडपण आणलं नव्हतं. जागा नव्हती असंही नाही. शेजारीच एका नाटकमंडळीच्या सहलीला अर्धा कॉलम दिला होता. तसली बातमी तेवढीच असते, असं त्यांना मनापासून वाटलं होतं, बस.

दुसऱ्या दिवशी मास्तर कात्रण घेऊन परत आले. आवाज न चढवता म्हणाले, “साहेब, तिचा डोळा गेला. किरकोळ म्हणजे काय?”

श्यामसुंदररावांनी मान वर न करता विचारलं होतं, “का हो, मास्तर ना तुम्ही? मराठी येत नाही?” सगळं संपादक खातं हसलं होतं. मास्तरांनी कात्रणाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि गेले. हा विनोद पुढे श्यामसुंदररावांनी लग्नाकार्यांत किती वेळा सांगितला, याची गणती नाही.

आता त्यांचे कान तापले. ‘लहानसा’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. चहा येणारच होता. कोण पकडणार होतं? पण त्या मुलीची बोटं कळांवर थांबलेली होती आणि ती त्यांच्यावर विश्वास ठेवून बसली होती. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी सगळं सांगितलं. कात्रणाचं आणि हसण्याचंही.

“लिहा,” ते म्हणाले. “‘इथे किरकोळ म्हणजे खोटं. वीस जणांनी एका बाईला मारलं, तिचा डोळा गेला. लिहिणाऱ्याला हे माहीत होतं.’ आणि खाली माझं नाव घाला, पूर्ण.”

पूर्वाने टाइप केलं. ती रागावली नाही, समजूतही काढली नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने पडद्याकडेच बघत तिने विचारलं, “त्या बाईंचं नाव काय, सर? तेही टाकू.”

श्यामसुंदररावांनी पडद्यावरच्या त्या चार ओळी पुन्हा वाचल्या.

“मास्तरांनी दिलं होतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या कागदावर लिहिलंय म्हणाले होते.”

“मग?”

“दुसरा कागद मी वाचलाच नव्हता.”