कुशाबांची मिटलेली मूठ

मित्रांनो, मी एक जुना नेलकटर आहे आणि मी माझ्याच मालकाचं रक्त काढलं आहे. हे आधीच सांगून टाकतो. आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो आपली पुण्याई सांगतो. माझ्याकडे ती थोडीच आहे.

एका कारखान्यात पत्र्याच्या पट्टीतून माझा जन्म झाला. मला ठोकलं, वाकवलं, घासलं आणि दात काढून दिले. लालबागच्या बाजारात कुशाबांनी मला उचललं. ते कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. तुटलेल्या सुताची गाठ नखाने चाचपायची त्यांची सवय, त्यामुळे नखं फार लांबही चालत नसत आणि फार खोल कापलेलीही. गिरणी बंद पडली तरी सवय गेली नाही. दर रविवारी सकाळी ते चाळीच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसत आणि शेजारपाजारची पोरं बोटं पुढे करून रांग लावत. “कुशाबांनी कापलेलं नख टोचत नाय,” असं बायका म्हणायच्या. मी फुशारून जायचो.

शनिवारी मात्र मला हात लावायचा नाही. शनिवार मारुतीचा, त्या दिवशी नखं कापली तर घरात पनवती येते, अशी कुशाबांची आणि त्यांच्या पत्नीची, शांताबाईंची, ठाम समजूत. खरं-खोटं देव जाणे. मला सुट्टी मिळत होती, मी कशाला वाद घालू?

दोन वर्षांपूर्वी कुशाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि उजव्या हाताची मूठ दिवसेंदिवस घट्ट मिटत गेली. सत्तरीच्या शांताबाईंना त्यांना उचलवेना. म्हणून परळच्या एका शुश्रूषागृहात त्यांना ठेवलं. पिशवीत मीही होतो. “मूठ सोडवून नखां कापा हां,” एवढं सांगून शांताबाई डोळे पुसत गेल्या. मला लॉकरवरच्या स्टीलच्या पेल्यात उभं केलं. तिथून मला सगळं दिसायचं.

तिथल्या मुख्य परिचारिका रमाबाई. त्यांनी प्रत्येक कामाला वार नेमून दिला होता. रविवारी नातेवाईक भेटायला येणार, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांची नखं कापायची. अठरा म्हाताऱ्यांना सेवक एकच, मयूर.

पहिल्या शनिवारी मयूरने मला उचललं. “चल बाबा, हात दे. टाइम नाय आपल्याकडे.”

कुशाबांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मान हलवली. मयूरने त्यांचा डावा, धड असलेला हात खेचला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि त्याच हाताने मयूरच्या तोंडावर अशी सणसणीत ठेवून दिली की त्याचा ओठ फाटला.

मयूरने ओठ पुसला. बोटाला रक्त लागलेलं त्याने पाहिलं. मग त्याने पलंगावर चढून कुशाबांचा तोच हात गुडघ्याखाली दाबला आणि मला त्यांच्या अंगठ्यावर आवळलं. नखावर नाही, मांसावर. मी चावलो, मित्रांनो. कातडीचा तुकडा माझ्या दातांत आला. कुशाबांच्या घशातून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. मला तोंड आहे खरं, पण ते दुसऱ्याच्या बोटांनी चालतं. माझी लाज मला वाटते.

मग चादरीची पट्टी फाडून मयूरने तो हात पलंगाच्या दांडीला बांधला. रमाबाईंनी वहीत लिहिलं, ‘रुग्ण मारहाण करतो.’ का करतो, हे कोणी विचारलं नाही.

त्यानंतर कित्येक महिने मला कोणी हात लावला नाही. वहीत मात्र दर शनिवारी ‘नखं’ या रकान्यात बरोबरची खूण होत राहिली. दातांतलं रक्त वाळलं आणि मी गंजू लागलो. इकडे मिटलेल्या मुठीत नखं वाढत होती. बाहेर जायला वाट नाही, ती जाणार कुठे? आधी वास यायला लागला. मग चादरीवर पिवळे डाग पडू लागले. मयूर कूस बदलताना हिसका द्यायचा, तेव्हा कुशाबांचं अख्खं अंग ताठ व्हायचं. विस्कटलेल्या केसांत कंगवा अडकला की तो तसाच ओढायचा. अंघोळ म्हणजे तोंडावर फेकलेला गार पाण्याचा मग.

रविवारी तासभर हात सुटायचा आणि मुठीवर शाल यायची. शांताबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

“हात झाकलास कित्या?”

“एसीत गार पडतो ना, मावशी,” मयूर सांगायचा.

कुशाबा डाव्या हाताने शाल ओढू पाहायचे. शांताबाईंना वाटायचं, घरी न्या म्हणतायत. त्या शाल पुन्हा नीट करायच्या.

अशाच एका रविवारी सरकारी तपासणीवरच्या रुचा मॅडम न कळवता आल्या. वही चाळत त्या कुशाबांच्या पलंगाशी थांबल्या.

“यांची नखं दर शनिवारी कापता?”

“दर शनिवारी. एक वार चुकलेला नाही,” रमाबाई म्हणाल्या.

शांताबाईंनी मान वर केली. “शनवारी? ह्यांनी जन्मात कधी शनवारी नखां कापूक नाय. कोण कापूक गेलो तर मारतीत.”

रुचा मॅडमनी वही मिटली. “रमाबाई, तुम्ही स्वतःची कधी कापता?”

“रविवारी.”

“शनिवारी का नाही?”

“शनिवारी नखं कापत नाहीत,” रमाबाई बोलून गेल्या. मॅडमनी मुठीवरची शाल काढली.

कोमट पाणी आलं. डॉक्टर आले. मूठ भिजवून एकेक बोट सोडवायला पाऊण तास लागला. चार नखं तळहातात खोल रुतली होती आणि आतलं मांस कुजलं होतं. पू पाण्यात उतरला तसा मयूर बाहेर जाऊन ओकला. शांताबाई हलल्या नाहीत. त्या फक्त म्हणत होत्या, “मीच शाल घातलंय. मीच.”

मोठ्या इस्पितळात दोन बोटं काढावी लागली. मयूरवर पोलिसांत तक्रार झाली, शुश्रूषागृहाला नोटीस गेली. कुशाबा घरी आले. मला उकळून, घासून शांताबाईंनी पुन्हा कामाला घेतलं. पण मला पाहिलं की कुशाबांचा डावा हात उठतो, आणि तो शांताबाईंना लागतो. गेल्या रविवारी गालावर बसला. त्यांनी गाल चोळला, मला पदराखाली घेतलं.

“मारा. मी तुमका बांधूचंय नाय.”

दुपारपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. मग तीन नखं कापून झाली.

मित्रांनो, मला पुन्हा चमकवा असं मागणं नाही माझं. तुमच्या घरात किंवा दुसऱ्याच्या हवाली केलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्या वहीतल्या खुणा वाचून परत फिरू नका. ते हात उगारत असेल तर का उगारतं ते विचारा. आणि त्याची मूठ मिटलेली असेल, तर कोमट पाणी घेऊन शेजारी बसा आणि एकेक बोट सोडवून आत बघा.